मित्र चालवून कसा पाहावा
(इच्छुकांसाठी संपूर्ण मार्गदर्शिका, नियम व पोटनियमांसह)

नारळ घेताना आपण तो कानाशी धरून हलवतो, कलिंगड थापटतो, आंबा देठाशी हुंगतो. मित्र घेताना मात्र यातलं काहीच करत नाही. शाळेत एका बाकावर बसवलं म्हणून, ऑफिसात शेजारचं टेबल मिळालं म्हणून, सोसायटीत गाडी लावायची जागा लागून आहे म्हणून माणूस आपला मित्र होतो आणि पुढची पंचवीस वर्षं तसाच राहतो. 'आमची फार जुनी ओळख' असं आपण चारचौघांत सांगतो. त्या ओळखीत नक्की काय काय आहे याची यादी करायला बसावं, तर तो चहात साखर किती घेतो, त्याचा मेहुणा कोणत्या बँकेत आहे आणि त्याला कारल्याची भाजी चालत नाही, एवढ्यावर यादी आटोपते.

यात मित्राचा दोष नाही, फर्निचरचा आहे. खुर्चीवर बसलेला माणूस झाकलेला असतो. समोर टेबल असतं, टेबलावर मेनूकार्ड असतं, संभाषण अवघड वळणावर आलं की नेमका वेटर येऊन 'अजून काही?' विचारतो आणि शेवटी बिल आल्यावर दोघंही 'अरे मी देतो, मी देतो' करत सभ्यतेची पराकाष्ठा करतात. एवढ्या बंदोबस्तात कुणाचाही स्वभाव बाहेर पडू शकत नाही. तो बाहेर काढायचा तर माणसालाच बाहेर काढलं पाहिजे आणि चांगलं चालवलं पाहिजे.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतो, तेही दिंडीतल्या त्याच त्या माणसांबरोबर, ऊन-पाऊस अंगावर घेत. कोण घोरतो, कोण पंगतीत पुढे घुसतो आणि कोण न सांगता दुसऱ्याचं ओझं उचलतो, हे विठ्ठलाचं दर्शन होण्याआधीच सगळ्यांना सगळ्यांचं कळलेलं असतं. तरीही ते एकमेकांना 'माउली' म्हणतात, यातच त्या संप्रदायाची थोरवी आली. आपल्यासारख्या नोकरदारांना एवढी रजा मिळत नाही आणि एवढी थोरवी झेपतही नाही. म्हणून पुणे व परिसराच्या भूगोलाचा आधार घेऊन पुढील तीन इयत्तांचा आटोपशीर अभ्यासक्रम आखला आहे. इतर गावच्या वाचकांनी आपापली टेकडी घ्यावी. मुंबईकरांना शिवाजी पार्क उपलब्ध आहे. परंतु तिथे माणूस निघाला तिथेच परत येतो आणि कंटाळला की वाटेल तिथे कट्ट्यावर बसू शकतो. त्यामुळे तिथले गुण निम्मे धरावेत. मैत्रिणींनी या मार्गदर्शिकेतली क्रियापदं आपापल्या सोयीने बदलून घ्यावीत. नियम तेच राहतील.

१. उमेदवाराची निवड

ज्याला आपण बरीच वर्षं ओळखतो, पण फक्त बसलेल्या अवस्थेत, तो उमेदवार उत्तम. साहेब वर्ज्य. साहेबाबरोबर चालताना आपला वेग आपला नसतो आणि हसणंही आपलं नसतं. पती-पत्नींना हा अभ्यासक्रम लागू नाही. त्यांची परीक्षा कधीच होऊन गेलेली असते. निकाल तेवढा राखून ठेवलेला असतो.

एका वेळी एकच उमेदवार घ्यावा. तिसरा आला की फिरणं संपून सहल सुरू होते. सहलीत भेंड्या होतात, ओळख होत नाही.

निमंत्रण देताना खरा उद्देश सांगू नये. 'आपण जरा एकमेकांना नीट समजून घेऊ या' असं म्हटलं की समोरच्याला वाटतं, याला उसने पैसे हवे आहेत. 'डॉक्टरांनी चालायला सांगितलंय रे, एकट्याला कंटाळा येतो,' एवढं पुरे. चाळिशी ओलांडलेला मराठी माणूस या वाक्यापुढे विरघळतो. त्याच्याकडे स्वतःची साखर, स्वतःचं कोलेस्टेरॉल आणि स्वतःचे न मानलेले डॉक्टर असतातच.

२. साहित्य

जुने बूट दोन जोड (प्रत्येकी एक). पाण्याची बाटली एकच. दोन नेल्या तर दोन माणसं आपापलं पाणी पितात आणि परीक्षकाला काही कळत नाही. एक बाटली असली की उमेदवार ती तोंडाला लावतो की वरून पितो, आधी विचारतो की आधी पितो आणि शेवटचा घोट ठेवतो की 'संपलं वाटतं' असं म्हणत रिकामी बाटली आपल्या हाती देतो, हे आपोआप दिसतं.

खाऊ म्हणून राजगिऱ्याच्या वड्या घ्याव्यात, मात्र विषम संख्येत. पाच वड्या आणि दोन माणसं हे प्रमाण अनुभवसिद्ध आहे. पहिल्या चार वड्यांवरून काहीही सिद्ध होत नाही. पाचवी वडी बाहेर आली की लक्ष द्यावं. काही उमेदवार ती उचलतात. काही 'तू घे, तू घे' म्हणत राहतात आणि वडी शेवटी कुणाच्यातरी खिशात चुरा होऊन घरी जाते. काही जण तिचे दोन तुकडे करतात. वडी मधोमध तुटत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातला मोठा तुकडा ज्या हाताने पुढे येतो, तो हात नोंदवून ठेवावा. ज्याला लहान तुकडा मिळाला त्याचा चेहराही नोंदवावा. तो बहुधा आपलाच असतो.

३. वेळ

वेळ सकाळी सहाची ठरवावी. सहा वाजता आपण ठरल्या जागी उभं राहावं. सहा वाजून दोन मिनिटांनी उमेदवाराचा 'निघालो' असा संदेश येतो. हा संदेश पांघरुणातून पाठवलेला असतो. याबद्दल गुण कापू नयेत, कारण ही राष्ट्रीय पद्धत आहे. आल्यावर तो काय म्हणतो याला गुण आहेत. 'सॉरी, झोपून गेलो' याला पूर्ण गुण. 'सिग्नलला अडकलो' याला शून्य. सकाळी सहाला पुण्यात सिग्नल पाळणारा माणूस आपला मित्र असेल, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

४. इयत्ता पहिली: पर्वती

पर्वतीवरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं. वर जायला १०३ पायऱ्या आहेत. प्राथमिक परीक्षेला एवढ्या पुरतात.

पहिली चाचणी आकड्याची. उमेदवार पायऱ्या मोजतोच. वर पोचल्यावर तो '१०८' म्हणाला तर आपण काही बोलू नये. थोड्या वेळाने 'मी १०३ ऐकलंय' एवढंच पुटपुटावं आणि पाहत राहावं. 'असेल, मी मध्ये चुकलो असेन,' म्हणणारा माणूस लग्नकार्यात, वाटणीत आणि भागीदारीत चालतो. 'ऐकलंयस ना? मी मोजल्यात,' म्हणणाराही चालतो, पण त्याच्याबरोबर भागीदारी करू नये. तिसरा प्रकार तडक खाली जाऊन पुन्हा मोजत येतो. त्याच्याशी मैत्री अवश्य ठेवावी. आपले आयकराचे कागद पाहायला कुणीतरी लागतंच.

दुसरी चाचणी श्वासाची. व्यायामशास्त्रात एक सोपी कसोटी सांगितली आहे. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, असा वेग असेल तर तो मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागत असेल तर तो जोराचा. या कसोटीचा सामाजिक उपयोग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलेला दिसत नाही. जो मित्र हॉटेलात आपल्याला वाक्य पुरं करू देत नाही, त्याला चढाला लावावं. साठाव्या पायरीला त्याची वाक्यं चार शब्दांवर येतात आणि कित्येक वर्षांत प्रथमच आपल्याला बोलायला जागा मिळते. या संधीचा मोह पडून आपण भाषण सुरू करू नये. आपलीही साठावी पायरीच असते.

वर पोचल्यावर सगळं पुणं खाली पसरलेलं दिसतं. १८१७ साली खडकीच्या लढाईच्या दिवशी दुसरा बाजीराव पर्वतीवर होता आणि इथूनच त्याने लढाई पाहिली, असं सांगतात. उमेदवार ही गोष्ट सांगेलच. ती सांगताना बाजीरावाला तो किती नावं ठेवतो ते ऐकावं. मग शांतपणे विचारावं, 'तुझ्या भावाच्या घराचं काम कुठवर आलं? तू जातोस ना बघायला?' पुढची दोन मिनिटं फार माहितीपूर्ण असतात.

५. इयत्ता दुसरी: वेताळ टेकडी

पर्वतीला एकच वाट, त्यामुळे तिथे मतभेदाला वाव नाही. वेताळ टेकडीवर कोथरूडकडून, पाषाणकडून, लॉ कॉलेजच्या बाजूने, चतुःशृंगीकडून, कुठूनही चढता येतं आणि वर तर वाटांचं जाळंच आहे. शहरातली ही सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. चढ मात्र संपला की पुढे बराचसा सपाट माळ. माध्यमिक परीक्षेला याहून चांगलं केंद्र नाही.

इथे मुख्य विषय म्हणजे शेजारी-शेजारी चालणं. समोरासमोर बसून गप्प राहिलं की ते रुसणं ठरतं. चालताना गप्प राहिलं की दम लागलेला असतो. ही सोय फार मोठी आहे. दोघांची नजर वाटेवर, दगडावर, समोरच्या बाभळीवर. डोळ्याला डोळा भिडत नाही. म्हणून जे वाक्य हॉटेलात दहा वेळा ओठांवर येऊन परत गेलं, ते इथे एखाद्या वळणावर सहज सुटतं. अशा वेळी थांबून, वळून, खांद्यावर हात ठेवून 'काय सांगतोस!' असं म्हणू नये. वाक्य बिथरतं. 'हं' म्हणून चालत राहावं. पुढचं वाक्य पन्नासेक पावलांनी येतं.

दुसरा विषय नमस्काराचा. टेकडीवर रोज येणारे लोक असतात आणि त्यांच्यातला कुणीतरी उमेदवाराच्या ओळखीचा निघतो. 'काय काका, आज उशीर?' 'अरे वा, तुम्ही इकडे!' असं मोठ्या आनंदाने होतं. काका पुढे गेले की मनातल्या मनात पावलं मोजायला लागावं. पन्नास पावलांच्या आत उमेदवार काकांविषयी बोलतो. 'भला माणूस. मुलगा लक्ष देत नाही बिचाऱ्याकडे' असं बोलला तर ठीक. 'फार चिकट. सोसायटीचा मेंटेनन्स अजून थकवलाय' असं बोलला, तर आपण ज्या वळणावर वेगळे होणार, तिथून पन्नास पावलांवर आपल्याविषयी काय बोललं जाईल याचा अंदाज घ्यावा. ऐकायला तिथे कुणी नसलं तरी तो फोन लावतो.

तिसरा विषय वाटेचा. 'मला रस्ता माहितीये' असं उमेदवार म्हणाला की त्याला पुढे जाऊ द्यावं. खाणीच्या कडेला येऊन वाट संपते. आता त्याच्या तोंडून काय निघतं, यावर पंधरा गुण आहेत. 'चुकलो रे' हे वाक्य मराठीत अत्यंत सोपं असूनही दुर्मिळ आहे. त्याऐवजी 'आधी इथून रस्ता होता', 'हे यांनी आत्ताच बंद केलंय' किंवा 'मुद्दामच आणलं तुला, बघ काय मस्त दिसतंय' असं ऐकू येतं. शेवटच्या उत्तराला कल्पकतेचे पाच गुण द्यावेत, विशेषतः त्याच क्षणी एखादा मोर ओरडला तर.

हातातल्या घड्याळात पावलं मोजणाऱ्या उमेदवाराची स्वतंत्र नोंद घ्यावी. दहा हजार पावलांचा दंडक कुठल्या ऋषीने किंवा वैद्याने घालून दिलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तिथून हा आकडा जगभर पसरला. ही माहिती उमेदवाराला साडेनऊ हजाराव्या पावलाला सांगावी. तरीही तो आपल्याला सोडून गाडीभोवती गोल गोल फिरून आकडा पुरा करत असेल, तर तो श्रद्धाळू आहे. श्रद्धाळू मित्र वाईट नसतात, मात्र त्यांच्याबरोबर नाश्त्याची वेळ पाळता येत नाही.

६. इयत्ता तिसरी: सिंहगड

पदवी परीक्षेसाठी सिंहगडाला पर्याय नाही. गाडीने घाटरस्त्याने वर जाणारे उमेदवार आपोआप बाद समजावेत. पायथ्याला आतकरवाडीपासून चढायला सुरुवात करावी.

नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरचालीचा हिशेब मांडून ठेवला आहे: सपाटीला पाच किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. आतकरवाडीपासून गडाचा चढ सहाशे मीटरच्या आसपासच आहे. म्हणजे नेस्मिथच्या हिशेबाने दीड तास पुरे. परंतु नेस्मिथने लिंबू सरबत धरलं नव्हतं.

वाटेत जागोजागी गावातल्या बायका सरबत, ताक, मीठ-तिखट लावलेली काकडी घेऊन बसलेल्या असतात. मडकी, लिंबं, बाटल्या, सगळं त्या पहाटे डोक्यावरून वर आणतात. परीक्षकाने अशा टपरीपाशी जरा मागे उभं राहावं. एक उमेदवार लांबूनच ओरडतो, 'ए, केवढ्याला दिलं?' दुसरा दगडावर टेकतो, 'मावशी, दोन सरबत द्या, एकात साखर कमी' असं म्हणतो आणि ग्लास येईपर्यंत मावशींचं गाव, घर आणि आज पहाटे पाऊस होता का हे विचारून घेतो. तिसरा आकडा ऐकून 'खाली तर निम्म्यात मिळतं' म्हणतो. त्याला 'मग खाली जाऊन पी' असं मावशी म्हणत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. आपण म्हणायला हरकत नाही. ऑफिसात साहेबांशी हा माणूस कसा बोलतो ते आपण रोज पाहतो. त्याची खरी बोली कोणती, याचा निकाल त्या दगडावर लागतो.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कडा चढून हाच गड जिंकून गेले, ही आठवण उमेदवार करून देईल. आपल्या पिढीत तो दम राहिला नाही, असंही म्हणेल. हे म्हणताना त्याच्या हातात सरबताचा कितवा ग्लास आहे, तेवढं पाहून ठेवावं.

पुणे दरवाज्यातून आत गेल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही या क्रमाने तोंडी परीक्षा घ्यावी. इथे शिकण्यासारखं फारसं नाही. भुकेला माणूस थोडा वेळ सज्जनच असतो.

७. उतार

नवखे परीक्षक वर पोचले की वही मिटतात आणि निम्मी परीक्षा गमावतात. चढताना माणूस बढाया मारतो, उतरताना गुडघे बोलतात. त्याने एकदा गुडघ्याविषयी खरं सांगितलं की बाकीचंही खरं यायला लागतं: मुलगा दोन वर्षं आला नाही, कर्ज फिटत आलंय पण झोप लागत नाही, ती नोकरी सोडली नव्हती, सोडावी लागली होती. हे सारं ऐकताना उपाय सांगू नयेत. उतारावर घसरतात ती बहुतेक माणसं दुसऱ्याला सल्ला देताना घसरतात.

८. शंकासमाधान

शंका: मित्र वाटेत सतत फोटो काढतो. काय करावं?
समाधान: त्यातल्या किती फोटोंत आपण आहोत ते पाहावं. प्रत्येकात असू तर तो प्रेमळ आहे. एकातही नसू तर तो निसर्गप्रेमी आहे. आपण अर्धेच कापले गेलो असू, तर मात्र प्रकरण गंभीर आहे.

शंका: मित्र पूर्ण वेळ राजकारणावर बोलतो.
समाधान: चढ वाढवावा.

शंका: आपण परीक्षा घेत असताना मित्रही आपली परीक्षा घेत असेल का?
समाधान: त्याशिवाय का त्याने पाचवी वडी तुमच्या पुढ्यात धरली?

शंका: मित्र नापास झाला तर त्याचं काय करायचं?
समाधान: तीन इयत्ता चालून झाल्यावर तो प्रश्न सहसा उरत नाही. ज्याच्याविषयी एवढं कळलं, त्याला बदलून दुसरा आणायचा म्हणजे पुन्हा पर्वतीपासून सुरुवात. गुडघे तेवढे कुणाचेच राहिलेले नाहीत.

९. निकाल

वर सांगितलेले गुण मोजायचा कंटाळा आला तर एकाच प्रश्नावर निकाल लावावा. दोन माणसांचा वेग कधीच सारखा नसतो. कुणीतरी पुढे जातं, कुणीतरी मागे राहतं. पुढे गेलेला कुठेतरी वळणावर थांबतो, बसतो, पाणी पितो. मागचा धापा टाकत तिथवर पोचतो आणि पोचताक्षणी पुढचा उठून म्हणतो, 'आलास? चल.' त्याची विश्रांती झालेली असते. मागच्याची कधीच होत नाही. तो अख्खा डोंगर न बसता चढतो आणि वर 'तू फार हळू चालतोस' हे ऐकून घेतो.

थांबणारे पुष्कळ असतात. आपण पोचल्यावरही जो उठत नाही, 'बस जरा' म्हणतो आणि आपला श्वास जागेवर येईपर्यंत उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहतो, त्याला बाकी सगळ्या विषयांत शून्य मिळालं तरी उत्तीर्ण करावं. आणि पुढे चालणारे आपण असू, तर नाडी आपण सोडावी.